दवाखान्यातून घरी : गावाने धरायचा पहारा

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात, सप्ताहाच्या सहाव्या दिवशी सायंकाळी झालेले भाषण. वक्ते तहसील कचेरीत कारकून आहेत.)



समितीने मला बोलण्याचा आग्रह केला तेव्हा मी म्हणालो, कीर्तनाच्या आधी कारकुनाने उभे राहून काय सांगायचे? मी दहावी झालेला माणूस. अर्ज घ्यायचा, नोंद करायची, टिपणी ठेवायची, एवढेच माझे काम. पण समितीचे म्हणणे पडले की, कचेरीत बसून तुम्हाला गाव जसे दिसते तसे सांगा. ती आज्ञा समजून उभा आहे. महाराजांच्या वेळेतला वेळ घेणार नाही.

माझे टेबल संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे आहे. त्या टेबलापुढे विधवा बाया येतात, दिव्यांग येतात, दीर्घ आजाराने खंगलेल्या माणसांची मुले-सुना येतात. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी असते. पिशवीत एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि दवाखान्याने दिलेले डिस्चार्ज कार्ड. मी विचारतो, "पेशंट कुठे आहे?" उत्तर ठरलेले, "साहेब, घरी आणलंय."

आता आम्हा कारकुनांची एक सवय असते. कागद एका कचेरीतून निघाला की जावक रजिस्टरला नोंद, आणि दुसऱ्या कचेरीत पोचला की आवक रजिस्टरला नोंद. मधे कागद हरवला तर कोणाच्या ताब्यात हरवला हे कळते. दवाखान्यातून माणूस घरी जातो तेव्हा त्याची जावक नोंद दवाखान्यात होते. आवक नोंद कुठे होते? कोठेच होत नाही. कागदाला जी काळजी आहे ती माणसाला नाही, हे मला त्या टेबलावर बसून दिसले. आजचा माझा विषय तेवढाच आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, कारण पूर्वी माणूस वाचतच नसे. आता २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची गाडी आली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत आणि २०१३ साली सर्व राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. अर्धांगवायूचा झटका आलेला, खुब्याचे हाड मोडलेला, हृदयाचे ऑपरेशन झालेला माणूस आज वाचतो. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु वाचलेला माणूस दवाखान्यात किती दिवस राहणार? खाट दुसऱ्याला लागते. आठ-दहा दिवसांत त्याला घरी पाठवतात, आणि घरी पाठवणे वाईट असेही नाही. घरचे अन्न, घरची माणसे, दवाखान्यातल्या जंतूंपासून सुटका, हे सगळे रोग्याच्या हिताचेच आहे. अडचण एवढीच की, दवाखान्यात तीन पाळ्यांत नर्सबाई जे काम करीत होत्या, ते एका रात्रीत घरातल्या एका सुनेवर येऊन पडते. तिला ते कोणी शिकवलेले नसते. आणि हल्ली पुष्कळ घरांत सूनही नाही. मुलगा-सून मुंबईला, आणि येथे म्हातारा म्हातारीला उठवतो, नाहीतर म्हातारी म्हाताऱ्याला.

माझ्या घरचे सांगतो. २०१९ साली माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी अकरा दिवस ठेवले आणि बाराव्या दिवशी नाकात नळी, लघवीला नळी आणि हातात इंग्रजी कार्ड देऊन जीपने घरी पाठवले. नळीतून किती आणि कसे द्यायचे, हे दारात उभ्याउभ्या एका वाक्यात सांगितले गेले. माझी आई आणि माझी पत्नी यांनी रात्रंदिवस केले. तरीही दहाव्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा दिसला आणि पुढे कातडी फुटली. तेव्हा शेजारच्या गावातल्या एक निवृत्त नर्सबाई, कोणाच्या तरी सांगण्यावरून, आपल्या पायांनी आमच्या घरी आल्या. त्यांनी एका तासात जे शिकवले त्याने आमचे घर सावरले. जखम भरायला साडेतीन महिने लागले. वडील नंतर काठीच्या चौकटीवर, ज्याला वॉकर म्हणतात त्यावर, ओसरीपर्यंत चालू लागले, आणि दोन वर्षे नातवंडांत राहून गेले. मला सांगायचे आहे ते हे की, वडिलांना ऑपरेशनची गरज नव्हती, महागड्या औषधाची गरज नव्हती. त्यांना त्या एका तासाच्या शिकवणीची गरज होती, आणि ती पहिल्या दिवशी हवी होती.

त्या बाईंनी जे सांगितले ते येथे माता-भगिनींसाठी थोडक्यात सांगतो. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा बंद पडतो आणि मांस आतून मरते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे, टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल चट्टा दिसला तर तो चोळायचा नाही, त्यावरचा भार काढायचा. हवेची गादी चांगली, पण ती आहे म्हणून कूस बदलणे सोडायचे नाही. नाकातल्या नळीतून देताना माणसाला टेकवून बसते करायचे आणि नंतर निदान अर्धा तास तसेच ठेवायचे. नाहीतर अन्न छातीत उतरते. नळी निघाली तर घरी घालायची नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. लुळ्या पडलेल्या हाताला धरून माणसाला कधी ओढायचे नाही, खांदा निखळतो. आणि साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एवढे तर कोणालाही शिकता येते. मी शिकलो, तर कोणीही शिकेल.

बंधूंनो, आपले गाव निर्दय नाही. कोणाच्या घरी मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही आणि भावकीतून, शेजारातून पिठलं-भाकरीची टोपली आपोआप जाते. कोणाला बोलवावे लागत नाही. परंतु त्याच घरात माणूस सहा महिने अंथरुणावर असतो तेव्हा आपण काय करतो? एकदा बिस्किटाचा पुडा घेऊन जातो. चहा घेतो. "काळजी घ्या" म्हणतो. त्या बाईला आणखी एक चहा करायला लावून परत येतो. आमच्या घरी भेटायला शंभर माणसे आली असतील. त्यांच्या येण्याने धीर आला, हे मी विसरणार नाही. पण "वहिनी, तुम्ही दोन तास झोपा, मी बसते" असे म्हणणाऱ्या दोघीच होत्या. त्या दोघींचे नाव मी घेत नाही, कारण त्यांना आवडणार नाही. पण त्या आत्ता या मंडपात बसल्या आहेत.

हे काम गावाला जमेल का, अशी शंका कोणी घेईल. म्हणून जिथे जमले त्या जागा सांगतो.

पहिली जागा आपल्या नगर जिल्ह्यातली, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तेथील जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, कित्येकी तर ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्या समाजातल्या होत्या. त्याच बाया पुढे गावाच्या बाळंतपणाला आणि आजारपणाला आधार झाल्या. १९७९ साली त्या डॉक्टर दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या गावात कोणत्या आळीची बाई कोणत्या आळीच्या रोग्याजवळ बसली, असा प्रश्न उद्या कोणी काढला, तर त्याला जामखेडला पाठवावे.

दुसरी जागा गडचिरोली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घेण्याचा प्रयोग केला. गावातलीच एक बाई शिकवून तयार करायची, तिने बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जायचे, बाळाचे वजन घ्यायचे, ते गार पडले का, दूध ओढते का, श्वास कसा आहे हे बघायचे आणि शिकवलेले उपचार करायचे. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळे पंचवीसच्या आसपास होती. ज्या गावांत ही व्यवस्था नव्हती तेथे ती साठीच्या घरात होती. हे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ साली सरकारने ही पद्धत सर्व देशात आशांकडे दिली. दवाखान्यात बाळंतपण झाले की आपल्या गावची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ना? ते याचमुळे. म्हणजे बाळंतिणीपुरता दवाखाना ते घर हा रस्ता आपल्याकडे बांधलेला आहे. त्याला आवक रजिस्टर आहे. म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसापुरता तो बांधायचा राहिला आहे.

तो कसा बांधावा याची तिसरी जागा केरळ. तेथे कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली काही डॉक्टरांनी बऱ्या न होणाऱ्या रोग्यांचे दुखणे हलके करण्यासाठी एक संस्था काढली. त्यांच्या लक्षात आले की, रोगी दवाखान्यापर्यंत येऊच शकत नाही, आणि त्याच्या दुःखातला मोठा भाग औषधाने जाणाराही नाही. एकटेपणा, खर्च, घरच्यांची दमणूक याला गोळी कोठली? म्हणून त्यांनी मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांनाच तयार केले. आठवड्याला दोन तास देऊ शकेल असा कोणीही, मग तो दुकानदार असो, मास्तर असो वा रिक्षावाला, थोडे शिक्षण घेऊन या कामात येई. नर्सबाई गाडीतून घरोघर जाई, तिच्याबरोबर गावचा माणूस असे. २००८ साली केरळ सरकारने याबाबत राज्याचे धोरण ठरवले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. आज तेथे ग्रामपंचायतीही हा खर्च आपला समजतात.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या देवस्थानाला भांड्यांची खोली आहे. तीन पिढ्या झाल्या, गावातल्या कोणत्याही घरचे लग्न असो, देवाची पातेली, पराती, झारे त्या खोलीतून जातात. वहीत नोंद होते, कार्य झाले की भांडी घासून परत येतात, हरवले तर भरून द्यावे लागते. जात विचारली जात नाही, भावकीतले भांडण आड येत नाही. जीर्णोद्धारात ही खोली आता दुप्पट मोठी झाली आहे. माझी समितीला नम्र विनंती आहे की, त्या खोलीची एक भिंत आजारपणाच्या सामानाला द्यावी.

काय ठेवायचे? डोक्याकडची बाजू वर करता येणाऱ्या दोन खाटा. दोन हवेच्या गाद्या. दोन चाकाच्या खुर्च्या. तीन-चार वॉकर आणि कुबड्यांचे जोड. कमोडच्या दोन खुर्च्या, बेडपॅन, लघवीचे भांडे. हे सामान एका घराला चार महिने किंवा वर्षभर लागते, मग माळ्यावर धूळ खात पडते. आज आपल्या गावात किती वॉकर माळ्यावर आहेत ते मोजले, तर निम्मी खरेदी करावीच लागणार नाही. आमच्या घरचा वॉकर आणि हवेची गादी मी आजच देत आहे. भांड्यांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवावी. सामान धुऊन, उन्हात वाळवून परत करावे. भाडे घेऊ नये.

पण सामान म्हणजे अर्धे काम. बाकीचे अर्धे माणसांचे. प्रत्येक आळीतून आणि प्रत्येक वस्तीवरून दोन माणसे पुढे यावीत, त्यांत एक तरी बाई असावी. पुरुषांनी हे बायकांचे काम म्हणून मागे राहू नये. पुरुष रोग्याला उचलायला आणि अंघोळ घालायला पुरुषच लागतो. उपकेंद्राच्या पाटीवर आता "आयुष्मान आरोग्य मंदिर" असे लिहिलेले आहे. म्हणजे गावात मंदिरे दोन झाली. त्या मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि नर्सबाई यांना समितीने रीतसर पत्र द्यावे आणि दोन दिवस शिकवण्याची विनंती करावी. पत्राचा मसुदा मी करून देतो, ते माझे रोजचेच काम आहे.

या माणसांनी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आधीच ठरवावे. गावचा माणूस दवाखान्यातून आला की चोवीस तासांत आशाताईंबरोबर त्याच्या घरी जायचे. कार्डावरच्या औषधांची यादी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावायची. फेरतपासणीची तारीख वहीत लिहायची आणि त्या दिवशी गाडीची व्यवस्था आहे ना ते बघायचे. पहिले दोन आठवडे दिवसाआड फेरी मारायची. सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन वेळा तरी सुट्टी द्यायची. मात्र औषध आपल्या मनाने द्यायचे नाही, सुई टोचायची नाही, नळी घालायची नाही. धाप लागली, थंडी वाजून ताप आला, बोलणे असंबद्ध झाले, पिशवीत लघवी येईनाशी झाली, जखम काळी पडली किंवा तिला घाण वास येऊ लागला, तर वाट न बघता १०८ ला फोन करायचा. आणि त्या घरात जे दिसले ते पारावर बोलायचे नाही. रोग्याची लाज गावाने राखली पाहिजे, तरच लोक दार उघडतील.

घरच्यांनीही दवाखाना सोडण्याआधी काही विचारून घ्यावे. औषध कोणते, किती दिवस, आणि संपल्यावर काय? पुन्हा कधी यायचे आणि कोणाकडे? काय झाले तर ताबडतोब यायचे? खायला काय द्यायचे? नळी कधी बदलायची आणि कोण बदलणार? कूस बदलणे आणि उठवणे हे खाटेजवळ उभे राहून आम्हाला करून दाखवा, असे सांगावे. यात संकोच करू नये. फुले योजनेतून उपचार झाले असतील, तर घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांची औषधे आणि फेरतपासणी योजनेतच धरलेली असते. तीही विचारून घ्यावी. आणि अपंगत्व कायमचे राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र काढावे. निराधार योजनेचा अर्ज कसा भरायचा ते मी दर रविवारी सकाळी येथे मंदिराच्या ओट्यावर बसून सांगेन. त्यासाठी कोणाला एक पैसा देऊ नये, मलाही नाही आणि दुसऱ्या कोणालाही नाही.

देणगीदारांना एक शब्द. आपण पायऱ्या दिल्या, फरशी दिली, कळस दिला. आपल्या घामाचा पैसा येथे लागला आणि आज त्याचे सोने झाले. आपल्यातले पुष्कळ जण गावाबाहेर आहेत आणि त्यांचे आई-वडील गावात आहेत. रात्री-अपरात्री फोन वाजला की आपल्या पोटात काय होते ते मी जाणतो. खाटेला दिलेल्या पैशावर नाव कोरता येणार नाही. पण त्या खाटेवर उद्या आपल्याच आईला टेकून बसता येईल आणि तिच्याजवळ कोणीतरी बसलेले असेल. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा तर कर्करोगाचे रोगी आणि त्यांचे नातलग यांच्यासाठीच चालते. आजाऱ्याला टेकायला जागा देणे हा आपल्याकडे देवधर्माच्या बाहेरचा विषय कधीच नव्हता.

शेवटचे सांगतो आणि बसतो. या मंडपात आज सहा दिवस झाले, वीणा खाली ठेवलेली नाही. त्या खांबावर पहाऱ्याची यादी लावली आहे. दुपारी बाराला कोण, रात्री दोनला कोण, पहाटे चारला कोण, सगळे लिहिलेले आहे. रात्री दोनचा पहारेकरी आला नाही असे एकदाही झाले नाही. त्याच्या डोळ्यांवर झोप असते, तरी तो पुढच्याच्या गळ्यात वीणा घातल्याशिवाय हलत नाही. ज्या गावाला हे जमते, त्या गावाला अंथरुणावरच्या माणसाची कूस रात्री दोनला बदलणे अवघड नाही. उद्या काल्यानंतर ती यादी खांबावरून निघेल. तिच्या जागी दुसरी यादी लागावी, एवढी माझी मागणी आहे. पहिल्या ओळीत माझे आणि माझ्या पत्नीचे नाव लिहावे, वार शनिवार, वेळ रात्रीची.

भैरवनाथ आपल्या सर्वांना बळ देवो. 

जय भैरवनाथ!